गुणवाचन

प्रगतिपत्रक खरवडलेलं होतं. सकाळी डाव्या हातात चहाचा कप आणि उजव्या हातात धाकटीचं ते जाड पिवळं पत्रक घेऊन निरीक्षक खिडकीशी उभा होता, आणि गणिताच्या आकड्यापाशी कागदातून उजेड जरासा जास्तच आरपार आला. एवढंच. दुसऱ्या कुठल्या बापाला ते दिसलं नसतं. दुसरे बाप पत्रक बघतात म्हणजे काय, खालची बेरीज बघतात आणि पोराकडे डोळे वटारतात. हा बाप वजनमापे खात्यात सव्वीस वर्षं घासलेला. वजनाच्या बुडाला भोक पाडून आतलं शिसं काढलंय हे तो वजन हातात न घेता, नुसत्या बुडाच्या चकाकीवरून सांगायचा. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, काट्याच्या पोटात दडवलेलं लोहचुंबक, सगळं त्याच्या नजरेखालून गेलेलं. ऑफिसात त्याला गुंजसाहेब म्हणत, कारण गुंजभर फरकसुद्धा तो सोडत नसे. पाठीमागे आणखीही काही म्हणत असतील, त्याची त्याला पर्वा नव्हती. तर अशा माणसाच्या घरात, त्याच्याच टेबलावर, त्याच्याच पोटच्या पोरीने आकडे खरवडून ठेवले होते. गणित एकसष्ट, त्यातला सहा खोटा. शास्त्र अडुसष्ट, भाषा चौसष्ट. दोन्हींतले सहा खोटे. वर्गात नंबर तेरावा, त्यातला एक उगाच अंग चोरून उभा. बेरीज मात्र नव्याने लिहून अगदी बरोबर जमवलेली. "वा!" तो स्वतःशीच म्हणाला. "चोर हिशेबाला पक्का आहे."

त्याला राग आला असं म्हणता येणार नाही. राग बरोबरीच्या माणसावर येतो. त्याला किळस आली, आणि खरं सांगायचं तर त्या किळसेच्या बुडाशी थोडं बरंही वाटलं, की चला, जगाबद्दलचा आपला अंदाज घरातही बरोबर निघाला. मुळात तिथे चार असेल, पाच असेल, कुणी सांगावं, तीनही असेल. गेलं वर्षभर ही पोर घसरतच चालली होती. पाचवीपर्यंत नव्वदीच्या खाली न उतरणारी, सहावीत गेली आणि चाचणीत पासष्ट, सहामाहीत त्रेसष्ट, आणि आता हे. तो म्हणाला होताच बायकोला, की हुशारी नव्हती ती, सूज होती; उतरली. आणि आता उतरलेलं झाकायला ब्लेड. रीतच आहे. लोक आधी माल कमी भरतात आणि मग काट्याला हात लावतात.

त्याने पत्रक तसंच ठेवलं, थोरलीच्या पत्रकाशेजारी. ही दोन्ही पत्रकं संध्याकाळी वाचायची होती. या घरात त्याला गुणवाचन म्हणत. नाव त्यानेच दिलेलं. निकाल लागला की संध्याकाळी जेवणाआधी टेबल पुसून घ्यायचं, दोन्ही पत्रकं शेजारीशेजारी मांडायची, दोन्ही मुलींनी समोर उभं राहायचं, बायकोने स्वयंपाकघराच्या दारात. मग तो एकेक विषय घेई. गणित: थोरली इतके, धाकटी इतके. शास्त्र: थोरली इतके, धाकटी इतके. आवाजात चढ नाही, उतार नाही. शेवटी जिचं पारडं वर गेलं असेल तिला एकच वाक्य, आणि मग दोघींच्या पत्रकाखालच्या चिठ्ठीवर सही. चिठ्ठी फाडून शाळेत जायची, पत्रक त्याच्या फायलीत. इयत्ता वेगळ्या, परीक्षा वेगळ्या, मग तुलना कसली करता, असं बायको एकदा म्हणाली होती. "नववीचा किलो वेगळा आणि सहावीचा किलो वेगळा असतो का?" असं विचारून त्याने तिचं तोंड बंद केलं होतं. ते एक वाक्य वर्षानुवर्षं थोरलीच्या वाट्याला येत असे. तो ते आधी मनात तोलून ठेवायचा. "तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे ती. लाज वाटत नसेल तर तसं सांग, म्हणजे मीही नाद सोडतो." असलं काहीतरी. ओरडायचा नाही, हात तर कधीच उगारला नाही, आणि याचा त्याला अभिमान होता. खात्यात प्रमाण वजनं मखमलीच्या पेटीत असतात आणि ती चिमट्यानेच उचलायची असतात, कारण बोटाच्या घामानेसुद्धा वजन बदलतं. मुलींना त्याने असंच वाढवलं होतं.

दुपारपर्यंत तो बाजारात होता. एका धान्याच्या दुकानात मालकाने खुर्ची पुसून दिली, पंखा त्याच्याकडे वळवला आणि विचारलं नसताना सांगायला सुरुवात केली, "साहेब, आमच्या पोराला ब्याण्णव टक्के पडले! वर्गात दुसरा! पहिला आला तो मास्तरीणबाईंचा भाचा, म्हणजे आमचाच पहिला म्हणा ना!" शेजारच्या दुकानदाराने मान डोलावली. निरीक्षकाने काट्यावर प्रमाण किलो ठेवला. काटा वीस ग्रॅम जास्त दाखवत होता. "तुमचे ब्याण्णव पण याच काट्यावर मोजले का?" असं त्याने विचारल्यावर मालकाचा चेहरा पडला आणि शेजारचा गालातल्या गालात हसत आपल्या दुकानात पळाला, बहुधा आपला काटा नीट करायला. काय माणसं! पोराच्या टक्क्यांच्या गोणी खांद्यावर मारून गावभर हिंडतात. शाळेच्या दारात उभे राहतात तेव्हा एकमेकांच्या पोरांचे गुण असे विचारतात की जणू तब्येत विचारताहेत. आणि ती पोरं! नखं खाल्लेली, डोळ्यांखाली काळं, परीक्षेच्या सकाळी ओकणारी. निरीक्षकाला त्या सगळ्यांचा मनापासून तिटकारा होता. आपण त्यांच्यातले नाही अशी त्याची पक्की समजूत होती. आपण फुगवत नाही, झाकत नाही, फक्त आहे ते वाचून दाखवतो.

पुढच्या दुकानाकडे चालताना त्याच्या नाकात अचानक ओल्या फरशीचा वास भरला. कुणीतरी पायरी धुतली होती. तो वास आला की दरवेळी तेच आठवायचं, त्याच्या शाळेतला पाण्याचा पिंप. वर्गात दर महिन्याला गुणांप्रमाणे बसवत. पहिला नंबर फळ्याजवळ, खिडकीशी. शेवटचे मागे, पिंपाशी. एक्केचाळीस पोरांत त्याचा नंबर सदतीसच्या आसपास, म्हणजे पिंपाच्या अगदी लगत. जो येई तो पेला बुडवताना त्याच्या वहीवर पाणी सांडून जाई, आणि शाई पसरली म्हणून मास्तर पुन्हा गुण कापत. सदतिसावाच का राहिला याचं निम्मं कारण तो पिंप होता, पण हे मास्तरांना कोण सांगणार! दादा दोन इयत्ता पुढे, कायम खिडकीशी. घरी अण्णा जेवताना दोघांचे गुण मोठ्याने वाचत, आधी दादाचे, मग याचे, आणि याचे वाचताना मध्येच थांबून पाणी पीत. एकदा, एकदाच, दादाचा चौथा नंबर आला. अण्णांनी भरल्या ताटावर त्याच्या मुस्काटात मारली. दादा रडला नाही, नुसता ताटाकडे बघत राहिला. आणि हा त्या दिवशी दोन घास जास्त जेवला. ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नव्हती. चाळीस वर्षं झाली. पण ओल्या फरशीचा वास आला की त्या दोन घासांची चव तोंडात यायची, आणि ती अजूनही वाईट लागत नसे.

दोन वाजता तो शाळेत गेला. खरे आकडे वहीत असणार. ते लिहून घ्यायचे आणि संध्याकाळी खोट्यांच्या शेजारी वाचायचे, असा त्याचा बेत होता. गुन्हेगारासमोर प्रमाण वजन ठेवायचं, मग फार बोलावं लागत नाही. वर्गशिक्षिका तरुण होती, बोटांना खडू लागलेला, मधल्या सुट्टीतला डबा अर्धा उघडा. "पालकांना शनिवारी भेटते मी," ती म्हणाली.

"मी पालक म्हणून नाही आलो. तपासणीला आलोय."

तिला तो विनोद वाटला. ती हसली आणि गुणांची वही काढून त्याच्यापुढे केली. त्याने सवयीने कागदावरून बोट फिरवलं. इथे कुणी काही खरवडलं नव्हतं. गणित एक्याऐंशी. शास्त्र अठ्ठ्याऐंशी. भाषा चौऱ्याऐंशी. क्रमांक तीन. त्याने ओळीवर पट्टी धरून पुन्हा वाचलं. मग शेजारच्या ओळीतलं नाव वाचलं, मग पुन्हा हिचं.

"हुशार आहे हो पोरगी," बाई सांगत होत्या. "पण हल्ली वर्गात हात वर करत नाही. पूर्वी उत्तर द्यायला नुसती उड्या मारायची. आता विचारलं तरच सांगते, तेही मान खाली घालून. आणि एक सांगू का? मागच्या महिन्यात माझ्याकडे आली नि म्हणाली, बाई, मला थोडे कमी देता येतील का? मला वाटलं, चेष्टा करतेय. घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," तो म्हणाला. त्याने वही मिटून परत केली. कोपऱ्यात पाण्याची टाकी होती, तिच्याजवळच्या बाकावर कुणाचं तरी दप्तर होतं. तो पाणी न पिताच बाहेर पडला.

रस्त्याने जाताना आधी त्याला स्वतःच्या डोळ्यांची शरम वाटली. चाराचा सहा करायचा तर सबंध चार खरवडावा लागतो. पाचाचा सहा करायला तर खरवडावंच लागत नाही, एक रेघ पुरते. इथे इंग्रजी आठाच्या वरच्या गोळ्याचा उजवा काठ तेवढा उडवला होता. तेरासाठी तिनाच्या डावीकडे एक उभा केला होता, म्हणून तो अंग चोरून होता. कागदावर सगळं ढळढळीत लिहिलेलं, आणि सव्वीस वर्षांच्या नजरेने ते वाचलं नाही. कारण साधं होतं. शेकडो काटे त्याने पकडले, पण ज्याचा काटा त्याचंच नुकसान करतो असा एकही काटा त्याने जन्मात पाहिला नव्हता. कोण करील असा गाढवपणा? स्वतःच्या मालाचं वजन कमी दाखवून कुणाला काय मिळणार? घरी येऊन बूट न काढता त्याने फाईल उघडली, मागची दोन पत्रकं खिडकीशी धरली. चाचणीतला पासष्टातला सहा, सहामाहीतला त्रेसष्टातला सहा. उजेड आरपार. आणि मग त्याने तेच केलं जे तो दर निकालाला करायचा. थोरलीची पत्रकं शेजारी मांडली. आज थोरली त्रेसष्ट, धाकटी एकसष्ट. सत्तर, अडुसष्ट. एकोणसत्तर, चौसष्ट. चाचणीतही तसंच. सहामाहीतही तसंच. प्रत्येक विषयात थोडंसंच खाली. आधी बहिणीचे गुण बघून, मग ब्लेड हातात घेऊन, नेमकं तिच्या खालीच.

थोरलीच्या भुवया तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. आठवीत तिची डावी भुवई अर्धी नाहीशी झाली. मग उजवी. झोपेत नाही, आजाराने नाही. अभ्यासाला बसली की एकेक केस चिमटीत धरून उपटायची. केस कपाळावर ओढून घ्यायला लागली, जेवण निम्म्यावर आलं, बोलणं हो-नाही एवढ्यावर. "भुवया उपटून कुणी पास झालंय का आजवर?" असं त्याने तिला विचारलं होतं, आणि आपलं वाक्य त्याला आवडलंही होतं. कातडीच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, हा कातडीचा आजार नाही, घरात काय चाललंय ते बघा. "फी कातडीची घेतो आणि सल्ला घराचा देतो," असं म्हणत त्याने दुसऱ्याकडून मलम आणलं. या वर्षी भुवया परत यायला लागल्या. बारीक, लव असावी तशा. थोरली एकदा जेवताना हसलीसुद्धा. मलमाचा गुण, असं त्याने ऑफिसात चारचौघांना सांगितलं होतं, मलमाच्या नावासकट.

बायको चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून परत आली तेव्हा तो पत्रकांपुढे बसलेला होता. तिने टेबलाकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"ब्लेड माझ्या शिवणाच्या डब्यातलं आहे. पहिल्या वेळी बोट कापून घेतलं तिने. मी पट्टी बांधली."

"आणि मला सांगितलं नाहीस? वर्षभर?"

"तुम्हाला सांगून काय झालं असतं?" ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही काटा दुरुस्त केला असता."

धाकटीला या वर्षभरात आपण काय काय म्हणालो ते त्याला एकामागून एक आठवायला लागलं, आणि थांबेना. सूज उतरली. तुझ्यात राम नव्हताच कधी. ताईकडे बघ, मेहनत करते ती, तू नुसती मिरवायचीस. अकरा वर्षांची पोर समोर उभी राहून हे ऐकत होती आणि मान खाली घालत होती, आणि त्याला वाटायचं, शरमेने घालतेय. ती बहुतेक चेहरा लपवत होती. काम फत्ते झाल्याचा चेहरा. आणि हा शहाणा, हा गुंजभर न सोडणारा, एका पोरीच्या भुवया परत येताना दुसरी पोर रोज थोडी थोडी खरवडली जातेय हे बघत बसला, आणि मलमाचं कौतुक करत हिंडला. ज्यांच्यावर तो थुंकत होता ते टक्केवाले बाप निदान पोरांच्या नावाने ढोल तरी बडवतात. त्याने काय केलं? जन्मभर ज्या पिंपाजवळ बसला तो पिंप उचलून घरात आणला आणि एका पोरीला त्याच्या लगत बसवलं. दादाच्या मुस्काटात बसली तेव्हा आपण दोन घास जास्त जेवलो. आणि ही कार्टी बहिणीला दोन घास जास्त जावेत म्हणून स्वतःचा गाल पुढे करते. कुणावर गेली ही? आपल्यावर नाही, एवढं नक्की. त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की त्याने हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले. पुढे काय? अशीच मोठी होईल, जाईल तिथे आधी समोरच्याचं वजन बघेल आणि मग आपलं कमी करून घेईल. हे कुठल्या मलमाने भरून येणार होतं?

संध्याकाळी टेबल पुसलं गेलं. मुली येऊन उभ्या राहिल्या. थोरलीने केस मागे बांधले होते. कपाळ उघडं होतं, बऱ्याच दिवसांनी. बायको दारात. त्याने ठरवलं होतं, आज वाचायचं नाही, यापुढे कधीच वाचायचं नाही. पेन उघडलं, थोरलीच्या चिठ्ठीवर सही केली, धाकटीच्या चिठ्ठीकडे हात नेला.

"बाबा, वाचत नाही?" थोरलीने विचारलं.

"नाही. आता बंद. नुसती सही."

त्याला वाटलं होतं, सुटल्यासारखं वाटेल त्यांना. थोरलीचा चेहरा पांढरा पडला. तिचा हात आपोआप डाव्या भुवईकडे गेला आणि दोन बोटं केस शोधायला लागली. "माझे कमी आहेत का तिच्यापेक्षा?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "म्हणून वाचत नाही का? खरं सांगा ना, बाबा."

बंदसुद्धा करता येत नव्हतं. सहा वर्षं त्याने या काट्यावर पोरींना चढवलं होतं, आणि आता काटा उचलून ठेवला तरी त्या आपापल्या पारड्यात उभ्याच होत्या. धाकटी घाईघाईने पुढे झाली. तिच्या अंगठ्यावर ब्लेडचा जुना, बारीक वण होता. त्याला तो आज दिसला. "बाबा, वाचा ना," ती म्हणाली. "नेहमीसारखं वाचा ना." तिच्या आवाजात भीती होती. डोळे त्याच्या डोळ्यांत रोखलेले, आणि ते लहान मुलाचे वाटत नव्हते.

त्याने दोन्ही पत्रकं शेजारीशेजारी ओढली. "गणित," तो म्हणाला. "थोरली, त्रेसष्ट." मग थांबला. अण्णा असेच थांबून पाणी पीत. "धाकटी, एकसष्ट." शास्त्र सत्तर, अडुसष्ट. भाषा एकोणसत्तर, चौसष्ट. आवाजात चढ नाही, उतार नाही. थोरलीची बोटं भुवईवरून खाली आली. त्याने धाकटीच्या चिठ्ठीवर सही केली, तेव्हा सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खोट्या मापावर जाणूनबुजून त्याचा हात उठला, आणि अक्षरही हललं नाही. ते एक वाक्य मात्र तो बोलला नाही. पेनाचं टोपण लावत राहिला. ते लागतच नव्हतं.

"असू दे गं," थोरली धाकटीला म्हणाली. "मी शिकवते तुला गणित. आण वही."

वर्षभरात तिने आपणहून कुणाला काही शिकवायला घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं. धाकटी धावत जाऊन वही-पेन्सिल घेऊन आली. दोघी टेबलाच्या त्या टोकाला डोक्याला डोकं लावून बसल्या. थोरलीने एक मोठा गुणाकार घातला आणि शिक्षिका समजावते तसा एकेक आकडा मोठ्याने म्हणत सोडवायला लागली. चेहऱ्यावर रंग आला होता. बोलण्याच्या भरात तिसऱ्या घरापाशी हातचा एक घ्यायचा राहिला. निरीक्षकाला ते इतक्या लांबून दिसलं. धाकटीलाही दिसलं, कारण तिची पेन्सिल क्षणभर कागदावरच थांबली. मग तिने ताईने सांगितलेलं चुकीचं उत्तर तसंच, वळणदार अक्षरात, उतरवून घेतलं.

"बरोबर आहे ना, बाबा?" थोरलीने मान वर करून विचारलं.

दोघी त्याच्याकडे बघत होत्या. दारात बायको बघत होती.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

धाकटीने उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.